होडीचा रंग

जांबोटी हे खानापूर तालुक्यातील, सह्याद्रीच्या माथ्यावरचे गाव. येथे समुद्र नाही, बंदर नाही, शिडाची काठीही दृष्टीस पडत नाही. तरीही पाण्याशी या मुलखाचे नाते फार जवळचे आहे. कणकुंबीस उगम पावलेली मलप्रभा या बाजूने पूर्वेस खानापुराकडे जाते आणि पुढे कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. म्हादईचा मार्ग नेमका उलटा. भीमगडच्या रानात जन्मलेली ही नदी वज्रपोह्याच्या धबधब्यावरून उडी घेते, गोव्यात उतरते, मांडवी हे नाव धारण करते आणि पणजीपाशी अरबी समुद्रास मिळते. एकाच ढगातील पाणी येथे दोन समुद्रांना वाटले जाते.

या म्हादईचे नाव घेऊन एक नौका सगळ्या पृथ्वीला वळसा घालून आली, हे आपल्यापैकी कित्येकांस ठाऊक नसेल. मांडवीच्या मुखाजवळील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात भारतीय नौदलासाठी ती शिडाची नौका बांधली गेली व २००९ साली नौदलात दाखल झाली. तिचे नाव ‘म्हादई’. लांबी सुमारे ५६ फूट. त्याच वर्षीच्या ऑगस्टात कमांडर दिलीप दोंदे हे एकटे तिच्यातून मुंबईहून निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून, वाटेत कोठल्याही बंदरास न लागता, एकट्याने ती प्रदक्षिणा केली. तिची धाकटी बहीण ‘तारिणी’ हीदेखील दिवाडीचीच. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी तीतून जगप्रवास केला.

‘म्हादई’चे शरीर लाकडी पट्ट्यांचे असून त्यावर आतून-बाहेरून काचतंतू व राळेचे कवच आहे. मनुष्य महिनोन्‌महिने अथांग पाण्यावर एकटा राहतो, तेव्हा त्याच्या व मृत्यूच्या मध्ये अशी काही बोटे जाडीची भिंत असते आणि त्या भिंतीचे रक्षण तिच्यावरील लेप करतात. होडीचा रंग हा शोभेचा विषय नव्हे, हे यावरून कळून यावे.

लेपाची जुनी परंपरा

पवित्र शास्त्रात नोहाने तारू बांधले, तेव्हा त्यास आतून व बाहेरून डांबराचा लेप द्यावा अशी आज्ञा झाल्याचे वर्णन आहे. मोशेच्या मातेने आपले बाळ ज्या लव्हाळ्याच्या पेटीत ठेविले, त्या पेटीसही डांबर व राळ चोपडलेली होती. लाकडाला पाण्यापासून वाचवावयाचे तर त्यावर काही तरी माखले पाहिजे, ही गोष्ट माणसाने फार प्राचीन काळी ओळखली होती. आपल्या किनाऱ्यावर माशाचे तेल, काजूच्या टरफलाचे तेल, चुना, राळ व डांबर यांचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या होत आला.

पाणी हा लाकडाचा एक शत्रू, पण त्याहून भयंकर शत्रू पाण्यात राहणारा जीव होय. समुद्रात शिंपल्याच्या कुळातील एक लांबट, कृमीसारखा प्राणी असतो. तो लाकडास सुईएवढे भोक पाडून आत शिरतो आणि आतल्या आत पोखरीत जातो. वरून फळी धडधाकट दिसते आणि आत तिची चाळण झालेली असते. १७३१ मध्ये हॉलंडच्या समुद्रबांधांचे लाकडी खांब याच प्राण्याने खाल्ल्याचे आढळले, तेव्हा त्या देशात हाहाकार उडाला. दुसरा त्रास कठीण कवचाच्या चिकट जीवांचा. ते होडीच्या तळास घट्ट बसतात आणि तळ खडबडीत करून टाकतात. मग तितक्याच वाटेस अधिक वल्हवावे लागते किंवा अधिक तेल जाळावे लागते.

यावर इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळास तांब्याचा पत्रा मारून पाहिला. तांब्याचे विष या जीवांना सोसत नाही, म्हणून उपाय लागू पडला. परंतु तांबे व लोखंड खाऱ्या पाण्यात एकत्र आले की लोखंड झिजते. जहाजाचे लोखंडी खिळे खाऊन गेले आणि खिळेही तांब्याच्या मिश्रधातूचे करावे लागले. मुंबईच्या वाडिया घराण्याने सागवानाची जी जहाजे बांधली, त्यांपैकी १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. उत्तम सागवान, उत्तम कारागीर आणि दोनशे वर्षांची निगा या तिन्ही गोष्टींचे ते फळ होय.

रोलर आणि ब्रश

वसईच्या पाचूबंदरापासून कारवारपर्यंत पाहावे, तो मासेमारीच्या होड्यांची वार्षिक डागडुजी पावसाळ्याच्या बंदीशी बांधलेली आढळते. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी अगर प्लास्टिकने शाकारलेल्या असतात आणि नारळीपौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हा पाण्यात जावयाच्या असतात. त्याआधी घरातील कर्ता पुरुष, त्याचे मुलगे, भाचे आणि खलाशी मिळून होडी रंगवितात.

आता या कामाची रीत पाहू. रंग लावणे हा कामाचा सर्वांत लहान भाग आहे. आधी पत्र्याने जुना सुटलेला रंग खरवडावा, गोड्या पाण्याने मीठ धुवून काढावे आणि लाकूड पूर्ण वाळू द्यावे. हीच खरी अडचण, कारण कोकणातील आषाढ-श्रावणात वाळणे म्हणजे काय ते कोकणच्या माणसासच विचारावे! ओल्या लाकडावर रंग दिला तर ओल आत कोंडते, ऊन पडताच बाहेर येऊ पाहते आणि रंगास फोड येतात. म्हणून शहाणा तांडेल उघडीप मिळेपर्यंत थांबतो. दर्यावर जाण्याची घाई असली तरी थांबतो.

लाकूड वाळले की फटी भराव्यात, खाचखळग्यांना लांबी लावावी आणि ती सुकल्यावर पॉलिशकागदाने घासावी. नंतर धूळ ओल्या फडक्याने टिपून, पुन्हा वाळवून अस्तराचा हात द्यावा. अस्तरावर पुन्हा हलके घासकाम करावे. हे सर्व झाल्यावर रंगाच्या डब्याचे झाकण उघडावे.

रोलर ही तशी अलीकडची वस्तू. १९४० च्या सुमारास कॅनडा व अमेरिकेत तो प्रचारात आला. त्याचा गुण असा की, तो रंग झपाट्याने व सारख्या जाडीने पसरवितो. दोष असा की, मागे बारीक बुडबुडे व संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा ठेवतो. ब्रशचा गुण याच्या उलट. तो पृष्ठभाग गुळगुळीत करतो, पण मोठ्या अंगावर रंग एकसारखा नेणे त्यास कठीण जाते. म्हणून जाणते लोक दोहोंचा मेळ घालतात. दोघांनी मिळून काम करावे. एकाने लहान रोलरने हात-दीड हात रुंदीचा पट्टा रंगवावा आणि दुसऱ्याने लगेच मागोमाग कोरड्यासारख्या मऊ ब्रशची केवळ टोके त्या ओल्या रंगावरून अलगद फिरवावीत. दाब द्यावयाचा नाही. ब्रशचा शेवट नेहमी आधी रंगविलेल्या ओल्या कडेकडे व्हावा, म्हणजे सांधा दिसत नाही. ती कड ओली असेतोवरच पुढचा पट्टा आला पाहिजे. यासाठी नाळेपासून निघाले की वरामागेपर्यंत मध्ये थांबू नये. चहा आधी घ्यावा अगर नंतर घ्यावा.

वेळही पाहावी लागते. भर उन्हात रंग ब्रशखालीच वाळतो व ओरखडे राहतात. फार सकाळी लाकडावर दव असते, सायंकाळी पुन्हा दमटपणा येतो. दव उडाल्यानंतरची दोन-तीन तासांची सावली उत्तम. एक लिटर रंग गुळगुळीत पृष्ठास साधारणतः दहा चौरस मीटर पुरतो. कमी जागेत तो संपला तर हात जाड पडला असे समजावे. जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात बरे. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि पुढे सुरकुततो.

पाण्याखालच्या तळाची गोष्ट वेगळी. तेथे तांब्याच्या भस्माचा विषारी रंग लावतात. त्यास गुळगुळीतपणाची हौस नको, थर मात्र भरपूर हवा; म्हणून तेथे रोलर पुरेसा होतो, ब्रशची टोके फिरविण्याची गरज नाही. हंगामात मध्येच तळ साफ करावयाचा झाल्यास पुनवेच्या अगर अवसेच्या उधाणाला होडी उंच वाळूवर आणतात, ओहोटीला ती कलती करतात आणि पुढची भरती येण्यापूर्वी एक बाजू खरवडून रंगवून घेतात. समुद्र येथे मुकादम होऊन उभा असतो. तो कोणास पाच मिनिटेही अधिक देत नाही.

सर्वांत शेवटी नाळेवर नाव आणि नोंदणीचा क्रमांक येतो. २००८ साली मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला झाला. त्यानंतर नौकांच्या नोंदणीस शिस्त आली आणि किनाऱ्यावरील राज्यांच्या नौकांस वेगवेगळे रंग ठरवून देण्याचे धोरण आले. त्यामुळे आता होडीचा रंग केवळ मालकाच्या आवडीचा राहिलेला नाही. लांबूनच ती कोणाची हे सांगण्याचे कामही तो करतो.

रंगाऱ्याचा श्वास

येथवर आपण होडीच्या जिवाचा विचार केला. पण ती रंगविणाऱ्याचा जीव त्याहून मोलाचा आहे, आणि त्याच्याकडेच आपले लक्ष कमी असते.

देवळातील मूर्तीस व लोखंडास वापरावयाचा शेंदूर हा मूळचा शिशाचा गंज होय. सफेदाही पूर्वी शिशाचाच असे. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. भारत सरकारने २०१६ साली नियम करून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांस ९० भागांहून अधिक नसावे असे ठरविले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अंमलात आला. परंतु त्यापूर्वी घराच्या दारांना व होड्यांना लागलेला रंग अद्याप जागेवरच आहे. तो कोरडा घासला की त्याची धूळ उडते. तळावरच्या विषारी रंगाचेही तसेच. म्हणून असा रंग पाणी मारून ओलाच घासावा, नाकातोंडास योग्य मुखपट्टी बांधावी, खरवड ताडपत्रीवर गोळा करावी आणि मुलांस तेथे खेळू देऊ नये. काम केलेले कपडे घरातील धुण्यात मिसळू नयेत.

दोन डबे मिसळून लावावयाचे जे चकचकीत नवे रंग निघाले आहेत, त्यांच्या कठीण करणाऱ्या द्रवात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. १९८४ साली भोपाळात जो वायू सुटला, तोही याच कुळातील. रंगातील द्रव्ये त्याच्याइतकी उडून जाणारी नव्हेत, हे खरे. पण ती यंत्राने फवारली की त्यांचे तुषार छातीत जातात आणि कायमचा दमा जडू शकतो. फवाऱ्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा लागतो, आणि तो आपल्याकडील लहान कारागिरापाशी क्वचितच असतो. म्हणूनच रोलर-ब्रशची हळू चालणारी रीत येथे केवळ स्वस्त नव्हे, तर पुष्कळ सुरक्षितही ठरते. तरीही मोकळी हवा, हातमोजे व वाफ अडविणारी मुखपट्टी यांवाचून हे डबे उघडू नयेत.

आणखी एक सूचना प्रत्येक घराच्या उपयोगाची आहे. जवसाचे उकळलेले तेल, ज्यास रंगारी बेलतेल म्हणतात, त्यात भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ती वाळताना तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. अशी फडकी पाण्यात बुडवावीत किंवा बाहेर एकेक पसरून वाळवावीत.

विषाचा हिशोब समुद्रासही द्यावा लागतो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तळाच्या रंगात कथिलाची काही संयुगे घालीत. उपाय अद्भुत होता. तळास काहीच चिकटेना. परंतु १९७० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या आर्काशों खाडीत कालवांची पैदास खालावली आणि त्यांची कवचे विद्रूप होऊ लागली. कारण शोधता ते या रंगात सापडले. फ्रान्सने १९८२ साली लहान नौकांवर त्यास बंदी घातली. पुढे २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ पासून तो अंमलात आला. ज्या होडीने मासा धरावयाचा, तिच्याच रंगाने माशाचे घर नासावे, हा व्यवहार कोणासही परवडणारा नव्हता.

ही गोष्ट जांबोटीच्या वाचकास दूरची वाटू नये. आपण दार, गाडीचे चाक अगर फाटक रंगविले आणि टरपेनचा डबा ओढ्यात धुतला, तर ते पाणी कोठे जाते? एका उतारावरून मलप्रभेत, दुसऱ्या उतारावरून म्हादईत. उरलेला टरपेन बाटलीत निवळू द्यावा. वरचा स्वच्छ भाग पुन्हा कामास येतो आणि खालचा गाळ वाळवून वेगळा टाकता येतो. यास पैसा लागत नाही, थोडी सवय लागते.

होडीचा जो भाग काठावरच्या लोकांच्या नजरेस पडतो, त्यावर तांडेल आपल्या हौसेचा रंग देतो. पण ती तरते पाण्याखालच्या, कोणी न पाहणाऱ्या भागाच्या बळावर. तेथे घासकामात कसूर केली तर किनाऱ्यावर कोणी बोट दाखवीत नाही. दर्या मात्र ती ओळखतो. तेव्हा बापाने मुलास प्रथम ब्रश न देता पॉलिशकागद हाती द्यावा आणि त्याआधी मुखपट्टी द्यावी. होडी रंगविण्याचे शिक्षण तेथूनच सुरू होते.