आकाशाला लागलेली तीट

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा आम्ही सगळे गणपतीपुळ्याला गेलो होतो. 'समारंभ नको, समुद्र दाखवा', एवढीच बाबांची अट. माझ्याकडे एका परिचितांकडून नुकताच घेतलेला डिजिटल कॅमेरा होता. वापरलेला, पण दिसायला कोरा करकरीत. दोन दिवसांत तीनेकशे फोटो काढले. घरी येऊन ते संगणकाच्या पडद्यावर लावले आणि भाचीनं विचारलं, "मामा, आभाळात हे काळं काय आहे?"

मला वाटलं, पक्षी असेल. पण पुढच्या फोटोत तोच पक्षी त्याच जागी! त्याच्या पुढच्यातही! वर उजवीकडे एक धुरकट, वाटोळा ठिपका. आई म्हणाली, "असू दे रे. आभाळाला तीट लागली म्हणायची."

सगळे हसले. मला मात्र हसू येईना. कारण कॅमेरा उभा धरून काढलेल्या एका फोटोत ती तीट आभाळ सोडून नेमकी बाबांच्या गालावर उतरली होती. आणि दोघंही एकदम मनापासून हसताहेत, असा तो एकच फोटो होता.

लेन्स पुसली, ठिपका हलला नाही. दुसरी लेन्स लावली, तरी तोच. शेवटी गावातल्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेलो. उभं आयुष्य रोल धुण्यात गेलेला माणूस. कॅमेरा हातात घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, घेताना कोऱ्या आभाळाचा एक फोटो काढून पाहिला होतास का?"

कोऱ्या आभाळाचा फोटो कोण काढतो? पण सगळी मेख तिथेच आहे.

रोलच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोसाठी फिल्मचा नवा तुकडा पुढे सरकायचा. तिच्यावर धुळीचा कण बसलाच, तर तो एखादा फोटो बिघडवून तिच्याबरोबरच पुढे जायचा. छापलेल्या फोटोवरचा डाग काका बारीक कुंचल्यानं बुजवत. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर आला, आणि तो जागचा हलत नाही. लेन्स बदलताना आत शिरलेला कण त्यावरच्या काचेला चिकटला, की पुढच्या प्रत्येक फोटोत त्याची हजेरी ठरलेली! ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर २ कोटी ४० लाख बिंदू असले, तर एका बिंदूची रुंदी जेमतेम ६ मायक्रॉन भरते. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाएवढा कणसुद्धा तिथे धोंडाच.

तपासणी मात्र अगदी सोपी. कॅमेऱ्याचं छिद्र बारीक करायचं, म्हणजे आकडा एफ-१६ किंवा एफ-२२ वर न्यायचा. छिद्र मोठं असलं, की कणाची सावली पसरून नाहीशी होते. बारीक केलं, की ती ठसठशीत उमटते. आयएसओ सगळ्यात कमी ठेवायचा, फोकस हातानं बिघडवायचा आणि निरभ्र आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्यायचा. (सूर्याकडे कॅमेरा रोखू नये, हे सांगायला नकोच.) बटण दाबताना हात थोडा हलला तर उत्तमच, भिंतीवरचे डाग पुसट होतात, सेन्सरवरचे तसेच राहतात. मग तो फोटो पडद्यावर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत निवांत पाहायचा. तांदूळ निवडतात ना, तसा.

दिसेल तो डाग धुळीचाच असतो, असं नाही. धूसर, वाटोळा असेल तर धूळ किंवा तेलाचा शिंतोडा. वळवळता दोरा दिसला तर कापसाचा धागा. टाचणीच्या टोकाएवढा लाल, निळा किंवा हिरवा ठिपका चमकत असेल, तर तो सेन्सरमधलाच बिघडलेला बिंदू. पुसून जाणार नाही. तो शोधायला लेन्सचं झाकण लावून, शटर काही सेकंद उघडं राहील असा फोटो काढायचा. काळोखात असे दिवे लगेच दिसतात.

हा रोग काही जुन्याच कॅमेऱ्यांचा नव्हे. २००३ साली ऑलिंपसनं ई-१ या कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच थरथरवून धूळ झाडण्याची सोय केली, पुढे इतरांनीही केली. तरीही निकॉनच्या २०१२ सालच्या डी-६०० या कॅमेऱ्यात फोटोंवर ठिपके दिसू लागले, आणि कंपनीला २०१४ साली तो मोफत साफ करून, शटर बदलून देण्याची घोषणा करावी लागली. खगोलशास्त्रज्ञ तर संधिप्रकाशातल्या कोऱ्या आकाशाची छायाचित्रं मुद्दाम घेतात आणि त्यांच्या आधारे धुळीच्या सावल्या हिशेबातून वजा करतात. आपला घरगुती उपाय त्याच जातीचा.

डाग सापडला, तर तोंडानं फुंकर मारू नका. थुंकीचे तुषार उडतात. कॅमेऱ्यातली सफाईची सोय चालू करावी. नाहीच भागलं, तर बॅटरी पूर्ण भरून, कॅमेरा उपडा धरून, रबरी फुग्यानं हवा मारावी. त्यानंही गेला नाही, तर जाणत्याच्या हाती द्यावा. रुमाल तर लावूच नये. काचेवर ओरखडा उठला, की धूळ परवडली म्हणायची वेळ येते.

काकांनी माझा सेन्सर दहा मिनिटांत स्वच्छ केला. आभाळातले ठिपके मी संगणकावर बुजवले. निळ्यावर निळं चढवायला काय लागतं? बाबांच्या गालावर मात्र हात चालेना. दर वेळी चेहरा परका व्हायचा. पुढच्याच वर्षी बाबा गेले. दिवाणखान्यात तोच फोटो आहे, तिटेसकट.

घरात कार्य निघालं, की आपण आदल्या दिवशी हॉल पाहतो, आचाऱ्याला बजावतो, कपड्यांना इस्त्री करतो. त्याच यादीत एक ओळ वाढवावी: कोऱ्या आभाळाचा एक फोटो.