ओटीवरील भजन

महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावून पोलादपुरावरून महाडकडे वाहत येणाऱ्या सावित्रीच्या खोऱ्यात एकादशीच्या भजनाला देवळाचा सभामंडपच लागतो असे नाही. ज्या घराची पाळी असेल त्या घराने ओटी सारवावी, समई लावावी आणि फराळानंतर जमणाऱ्या टाळकऱ्यांच्या कपाळी बुक्का लावून त्यांना बसावयास घोंगडी द्यावी, एवढीच तेथली वहिवाट आहे. मार्गशीर्षातल्या वद्य एकादशीला पोलादपूरनजीकच्या एका वाडीत मला हे भजन हाताच्या अंतरावर बसून ऐकावयास मिळाले, आणि ज्या गायनाची ओळख आपल्याला एरवी ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यातून होते त्याचे खरे स्वरूप किती निराळे, किती मृदू आहे याची प्रचीती आली.

गाणाऱ्यांत साठीच्या आतला कोणी नव्हता. बुवा ऐंशीकडे झुकलेले, मृदंग घेणारे नाना त्यांच्याहून थोडे लहान. बहुतेकांची उमेदीची वर्षे मुंबईच्या कापडगिरण्यांत गेली. पाळी सुटल्यावर गावकीच्या खोलीत दाटीवाटीने बसून त्यांनी चाली पाठ केल्या, आणि १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपाने ज्यांची रोजी कायमची तुटली ते गावी परतले तेव्हा ट्रंकेबरोबर त्या चालीही परत आल्या. खोलीत रात्रपाळीची माणसे कडेला निजलेली असत, म्हणून टाळ दाबून वाजवण्याची सवय हाताला लागली, असे नानांनी सांगितले. त्या रात्री काशाचे जड टाळ खणखणत नव्हते. कड कडेला जेमतेम स्पर्शून बाजूला होई, आणि तो नाद बुवांच्या शब्दाखाली अंथरल्यासारखा राही.

भजनाच्या आधीची तयारी पाहण्यासारखी असते. घरातल्या सुनेने परातीत गव्हाची कणीक आणून ठेवली आणि नानांचा नातू ती मळू लागला. “अजून घट्ट मळ रे बाळा, पातळ राहिली तर धामा बोलायचा नाही,” एवढे एकच वाक्य नाना बोलले. मृदंगाच्या उजव्या मुखावर लोहकिटाची काळी शाई कायमची बसवलेली असते. डाव्या मुखाला, म्हणजे धाम्याला, मात्र दर वेळी ताजी कणीक लावावी लागते आणि वाजवून झाल्यावर ती खरवडून काढावी लागते. नानांनी पाण्याचे बोट फिरवून कातडे ओलावले, कणकेचा गोळा मध्यभागी थापला, अंगठ्याने त्याची कड पातळ करीत कातड्याशी मिळवली, एक थाप दिली, कान वाकवला, चिमूटभर कणीक काढून घेतली आणि पुन्हा थाप दिली. कणकेच्या वजनाने धाम्याचा स्वर खाली उतरतो, ती वाळू लागली की वर सरकतो. म्हणून दोन अभंगांच्या मध्ये ओल्या बोटाने ती पुन्हा चोपडावी लागते. त्यानंतर वादीखालचे लाकडी गट्टे ठोकून आणि गजऱ्यावर हातोडीचे हलके टोले देत त्यांनी शाईचा स्वर जुळवला. या सगळ्याला बराच वेळ लागला, पण ओटीवरच्या कोणालाही घाई नव्हती.

हा स्वर कोणत्या पट्टीचा, याचा निर्णय बुवांच्या गळ्याने दिलेला होता. तरुणपणी काळी चारमध्ये मोकळेपणे गाणारा हा आवाज आता बराच खाली आला आहे. पेटी नसल्यामुळे पट्टी पेटीच्या हुकमतीत नव्हती, बुवांनी हळूच आलाप करून आपला षड्ज शोधला, वीणेच्या खुंट्या त्यास मिळवल्या गेल्या, आणि नानांनी खालच्या पट्टीसाठी मुद्दाम रुंद तोंडाचा मृदंग आणला होता. चाळीस-पन्नास वर्षांच्या सोबतीत एकाचा आवाज उतरत गेला तसतशी दुसऱ्याने वाद्ये बदलली, आणि याविषयी त्यांच्यात कधी बोलणेही झाले नसावे.

वीणा उभ्यानेच धरावयाची. ज्याच्या गळ्यात ती पडते त्याच्या पायांवर वयाचा विचार न करता सर्वांनी मस्तक ठेवावे, आणि हस्तांतर करताना देणाऱ्याघेणाऱ्यांनी परस्परांना वंदन करावे, ही वारकऱ्यांची रीत तेथेही कसोशीने पाळली गेली. भूमीवर ती क्षणभरही टेकली नाही.

नामाच्या गजरानंतर रूपाचे अभंग झाले आणि मग बुवांनी तुकोबांचा एक संथ अभंग घेतला. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरे असतात. या अखेरच्या चार अक्षरांपाशी ताल पुरा व्हावयाचा असतो पण शब्द संपलेले असतात. तरुण गायक ही रिकामी जागा तानेने भरून काढतो. बुवांपाशी आता तेवढा दमसास नाही. त्यांनी शेवटचे अक्षर अलगद ठेवून दिले, वीणेला बोलू दिले, आणि टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलीपर्यंत ते स्वस्थ राहिले. त्या अवकाशात अर्थ असा उतरत गेला की १९५० साली मुंबई सरकारने काढलेल्या गाथेत अनेकदा वाचलेला तो अभंग मी प्रथमच ऐकत आहे असे वाटले. दहा हात दूर बसलो असतो तर हे स्वस्थ राहणे मला कळलेही नसते.

संगीताचा एक प्रकार खोलीच्या मापानेच जन्मास येतो. १५९७ साली लंडनमध्ये जॉन डाउलंड या ल्यूटवादकाच्या गीतांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याची पाने अशा रीतीने छापलेली होती की एकाच मेजाभोवती चोहोंबाजूंनी बसलेल्यांना एकाच प्रतीवरून आपापला भाग गाता यावा. ल्यूट हेही तंतुवाद्यच, बोटांनी छेडावयाचे, आवाजाने कोमल. आपल्याकडे १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून १५९९ मध्ये देह ठेवणारे एकनाथ त्याच काळातले, आणि त्या रात्री ओटीवर त्यांची गवळण झाली तेव्हा म्हातारे टाळकरी गुडघ्यांवर उठून तिला ताल देत होते. पुढे युरोपात वाद्यांचा आवाज मोठा होत गेला, अठराव्या शतकात ल्यूट मागे पडले, आणि विसाव्या शतकात त्याचे पुनरुज्जीवन करणाऱ्यांना जुन्या पोथ्या, चित्रे आणि वाद्यांचे अवशेष पाहून हाताची ठेवण नव्याने शोधावी लागली. सावित्रीच्या खोऱ्यात तो धागा अजून तुटलेला नाही. नानांच्या नातवाला कणीक किती घट्ट मळावी हे पुस्तकातून शोधावे लागत नाही.

परंतु त्या ओटीवर तो एकच मुलगा होता. शेजारची घरे कुलूपबंद होती. धनी मुंबईस, नाहीतर सुरतेस, गणपतीला आणि शिमग्याला तेवढे येणारे. सप्ताहात अलीकडे मोठे कर्णे लागतात, पेटी आणि इतर वाद्ये येतात, गर्दीही जमते, आणि भाविकांच्या श्रद्धेविषयी मला आदरच आहे. पण कर्ण्यापुढे बुवांचा आवाज केवळ थकलेला ऐकू येतो, आणि त्याने पन्नास वर्षांत कमावलेले सारे त्या कल्लोळात नाहीसे होते. हे नुकसान मोठे आहे असे माझे मत आहे.

पहाटेपूर्वी पसायदान झाले. नानांनी सुरीने कणीक खरवडली.

महाड-पोलादपूरकडे ज्यांची अशी बंद घरे आहेत त्यांना माझी विनंती आहे की, वर्षातून एका तरी एकादशीला घर उघडावे, ओटी सारवून वाडीतल्या वृद्ध भजनी मंडळीस बोलवावे, ध्वनिक्षेपक आणू नये, आणि आपल्या मुलांना टाळ देऊन बुवांच्या अगदी जवळ बसवावे. मंडळी बोलावण्याची वाट पाहत आहेत, आणि त्यांचे वय झालेले आहे.