डोळ्यांना कळणारे औषध

रोगाचे निदान अचूक झाले, औषधही योग्य लिहिले गेले, तरी मूल बरे होईलच असे नाही. दवाखान्यातील चिठ्ठी आणि मुलाच्या पोटात जाणारे औषध यांच्यामध्ये एक संपूर्ण घर उभे असते. त्या घरात कधी वाचता येणारे कोणी नसते, कधी आई कामावर आणि बाळ आजीच्या मांडीवर असते. आपल्या बालाघाट जिल्ह्यात भाषांचाही प्रश्न आहे. शहरात हिंदी आणि मराठी, वारासिवनीच्या बाजूला पवारी, बैहरच्या डोंगराळ भागात गोंडी. आणि आपली चिठ्ठी मात्र इंग्रजीत, तीही डॉक्टरी अक्षरात!

अशा वेळी शब्दांपेक्षा वस्तूचा आकार, चित्र आणि रंग अधिक उपयोगी पडतात. यालाच आज डिझाइन म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्याला दागिने, पडदे आणि जाहिराती आठवतात. परंतु उत्तम डिझाइनने मुलांचे प्राण वाचविले आहेत, आणि त्यातील काही सुंदर उदाहरणे मराठी भूमीतीलच आहेत. त्यांची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

लोटा आणि बोंडले

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल सादर केला. त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतातील असंख्य वस्तू पाहिलेल्या या दांपत्याने सर्वाधिक गौरव केला तो आपल्या साध्या लोट्याचा. पाणी किती मावावे, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहावा, तो डोक्यावर, कमरेवर वा हातात कसा धरला जावा, धार कशी पडावी, घासताना हात आत कसा जावा, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या एका आकारात आहेत, आणि ती कोणा एका कारागिराने नव्हे तर पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी शोधली, असे त्यांचे निरीक्षण होते.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने मी लोट्याच्या शेजारी आणखी एक वस्तू ठेवीन. ती म्हणजे आपले बोंडले. जुन्या मराठी घरांत बाळाला दूध पाजण्यासाठी चांदीचे किंवा पितळेचे, एका बाजूला निमुळती चोच असलेले हे छोटे भांडे असे. दक्षिणेत याच घाटाच्या भांड्याला पालाडै म्हणतात आणि त्या नावाने ते आज नवजात शिशुकक्षात मानाने वापरले जाते. कमी दिवसांच्या वा कमी वजनाच्या बाळाला ओढून पिण्याची ताकद नसते, पण तोंडात आलेले दूध ते गिळू शकते. अशा बाळाला आईचे काढलेले दूध बोंडल्याने, बाळाचे डोके थोडे उंच धरून, ओठांच्या कडेने थोडे थोडे, प्रत्येक घोट गिळल्याची खात्री करून पाजता येते. बाटलीला आणि तिच्या बुचाला जंतू लपण्यासाठी कोपरे असतात. बोंडले उघडे असते, घासता येते, उकळता येते. आजीच्या फडताळातील वस्तू आधुनिक शिशुकक्षात टिकली ती या गुणांमुळे. एक सूचना मात्र आवश्यक आहे. भांडे जुने चांगले असले तरी त्यातून मध, घुटी किंवा गुळाचे पाणी पाजण्याची जुनी प्रथा चांगली नव्हे. पहिले सहा महिने बोंडल्यातही आईचेच दूध हवे.

मण्यांनी मोजलेला श्वास

आपली वैनगंगा शिवनी जिल्ह्यातून निघून बालाघाटवरून पुढे महाराष्ट्रात जाते आणि गडचिरोलीच्या कडेने वाहते. त्याच गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तेथे मुलांच्या मृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया असल्याचे दिसून आले. गावपातळीवर प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक दिल्यास काय होते, याचा त्यांनी केलेला प्रयोग १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगाच्या गावांमध्ये पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते.

न्यूमोनिया ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे जलद श्वास. पण त्यासाठी एक मिनिट मोजावे लागते आणि साठपर्यंत आकडे यावे लागतात. गावातील अनुभवी दाईकडे बहुधा घड्याळ नव्हते आणि आकडेही दहा-बारापर्यंतच येत. ही अडचण दाईच्या अज्ञानाची आहे असे म्हणून प्रश्न सोडून देता आला असता. बंग दांपत्याने तसे न करता दाईला जमेल असे साधन तयार केले. त्यात एक मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या. एक ओळ दोन महिन्यांखालील बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. वाळू उलटी करायची, दहा श्वास मोजून झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून दहा. वाळू संपण्यापूर्वी शेवटच्या लाल मण्यापर्यंत हात पोहोचला तर श्वास जलद आहे, उपचार हवा.

या साधनाचा विचार बारकाईने करावा. लहान बाळासाठी मिनिटाला ६० आणि मोठ्यासाठी ५० ही मर्यादा दाईला पाठ करावी लागत नाही. ती मण्यांच्या संख्येतच बसविलेली आहे. शिक्षण, घड्याळ आणि गणित या तिन्ही गोष्टींची उणीव एका लाकडी चौकटीने भरून काढली. रोग्याला किंवा कार्यकर्त्याला आपल्या ज्ञानापर्यंत चढायला लावण्याऐवजी ज्ञानानेच चार पायऱ्या खाली उतरावे, असा हा विचार आहे.

आज जवळजवळ प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि त्यात मिनिट मोजण्याची सोय आहे. वाचकांनी पुढील आकडे लक्षात ठेवावेत. मूल शांत किंवा झोपलेले असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. छाती आत ओढली जात असेल, मूल अंगावर पीत नसेल किंवा सुस्त पडले असेल तर मोजत बसू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे.

बोलणारी कुपी, बोलणारी पट्टी

लशीच्या कुपीवर एक छोटे वर्तुळ आणि त्याच्या आत फिकट चौकोन असतो. पोलिओच्या तोंडी लशीवर ही खूण १९९६ पासून आली. उष्णता लागत गेली की त्यातील रसायन हळूहळू गडद होते आणि पुन्हा फिके होत नाही. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरावी, रंग सारखा झाला किंवा अधिक गडद झाला तर टाकून द्यावी. शीतपेटी घेऊन जंगलातील वस्तीवर जाणाऱ्या कार्यकर्तीला प्रयोगशाळेची गरज उरली नाही. प्रवासात सोसलेल्या साऱ्या उष्णतेचा हिशेब कुपी स्वतःच ठेवते. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. त्या यशात या नखाएवढ्या चित्राचाही वाटा आहे. डॉक्टर मित्रांसाठी एक आठवण: ही खूण उष्णता सांगते, गोठणे सांगत नाही. त्रिगुणी, पेंटाव्हॅलंट किंवा हिपॅटायटिस बीची लस बर्फाला टेकून गोठली, तर खूण स्वच्छ दिसूनही लस निकामी झालेली असू शकते.

अंगणवाडीतील तिरंगी पट्टीही अशीच. सहा महिने ते पाच वर्षे वयात दंडाचा घेर फारसा बदलत नाही, म्हणून वय नेमके ठाऊक नसले तरी चालते. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे लाल, ११.५ ते १२.५ पिवळा, त्यापुढे हिरवा. आईला सेंटिमीटर कळण्याची गरज नाही, रंग कळतो.

हळू घडणारे दिसावे म्हणून

काही गोष्टी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत, कारण त्या फार सावकाश घडतात. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला होता. अनेक दिवसांची वाढ पाहणाऱ्याला क्षणांत दिसली. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी आगकाड्यांना चालते-फिरते करून ‘आगकाड्यांची मौज’ केली. भारतीय ॲनिमेशनची मुळे ही अशी मराठी मातीत आहेत.

बालकांच्या वाढीचा तक्ता म्हणजे कागदावरची अंकुराची वाढच होय. डॉ. डेव्हिड मॉर्ले यांनी नायजेरियातील खेड्यांत काम करताना आईच्या हाती देता येईल असा तक्ता रूढ केला. रोज पाहणाऱ्या आईला मूल वाळत चालले आहे हे कळत नाही. दर महिन्याला एक ठिपका दिला आणि ठिपके जोडले की रेषा बोलू लागते. रेषा आडवी झाली की मूल अजून हिरव्या पट्ट्यात असले तरी काहीतरी बिघडले आहे हे समजते. कुपोषण दिसण्याच्या कित्येक आठवडे आधीची ही सूचना आहे. दुर्दैवाने अनेक घरी हे कार्ड लसीकरणाच्या तारखांपुरतेच पाहिले जाते.

चित्रातून शिकवण्याची ताकद ज्यांनी ओळखली, त्यांत विजया मुळे यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. १९७४ सालचा ‘एक अनेक और एकता’ हा त्यांचा लघुपट दूरदर्शनवर पाहिला नाही असा आपल्या पिढीत क्वचितच कोणी असेल. भीमसेन यांच्या साध्या रेषांनी ‘अनेक’ ही अमूर्त कल्पना पाखरे, फुले आणि जाळे यांतून मुलांना दाखविली. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडलेले राम मोहन यांनी १९९० च्या दशकात युनिसेफसाठी ‘मीना’ साकारली. एका कथेत मीना आणि तिचा भाऊ राजू एक दिवस आपापली कामे बदलून घेतात आणि मुलीलाही पुरेसे जेवण का हवे हे घराला उमगते. मुलीच्या ताटाविषयीचे आपले व्याख्यान पालक विसरतात, ही गोष्ट विसरत नाहीत.

चित्राची मर्यादा

कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण १९६० च्या दशकात दीप त्यागी या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने देशभर पोहोचला. सोबत आई, वडील, मुलगा, मुलगी असे चार हसरे चेहरे. देशाच्या अनेक भाषांना ओलांडून जाणारी ही खूण इतर काही देशांनीही स्वीकारली. तथापि १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत सक्तीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्याच त्रिकोणाकडे लोक भीतीने पाहू लागले. रेषा तीच, रंग तोच, पण विश्वास गेला. चांगले चित्र विश्वासाचा निरोप पोहोचवू शकते, विश्वास निर्माण करू शकत नाही. तो आपल्या वागणुकीतूनच यावा लागतो.

आपल्या दवाखान्यात काय करता येईल

यासाठी मोठा खर्च लागत नाही. तापाच्या पॅरासिटामॉल थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये सर्वसाधारणपणे १०० मिलिग्रॅम औषध असते, तर पातळ औषधाच्या प्रकारात पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५. म्हणजे थेंब चौपट तीव्र. नाव एकच, बाटल्याही सारख्या. थेंबाऐवजी पातळ औषध दिले तर ताप उतरत नाही, पातळ औषधाच्या मापाने थेंब दिले तर यकृताला धोका. म्हणून मात्रा तोंडी सांगून न थांबता ड्रॉपरवर किंवा मापाच्या टोपणावर न पुसणारी रेघ ओढून द्यावी. घरातील चमचे निरनिराळ्या मापाचे असतात, ते वापरू देऊ नयेत.

सकाळ, दुपार आणि रात्रीसाठी चिठ्ठीवर उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य आणि चंद्र काढावेत. हे काढायला चित्रकार असावे लागत नाही. क्षार-संजीवनीची पुडी एक लिटरची आहे की २०० मिलिलिटरची, हे आईच्या समोर बाटली वा पेला ठेवूनच दाखवावे, कारण दोन्ही पुड्या बाजारात मिळतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आईला जाण्यापूर्वी ‘समजले का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. ‘घरी कसे द्याल ते करून दाखवा’ असे म्हणावे.

आपल्या मंडळातील डॉक्टरांनी एकत्र बसून मुलांच्या नेहमीच्या औषधांसाठी एक समान चित्र-चिठ्ठी तयार केली, तर बालाघाटच्या कोणत्याही दवाखान्यातून निघालेली आई ती ओळखेल. ती छापण्यापूर्वी मात्र बैहरकडून आलेल्या चार-पाच मातांना दाखवावी आणि त्यांना काय दिसते ते ऐकावे. आपल्याला चंद्र वाटतो तो त्यांना विळा वाटला, तर चित्र बदलायचे आपण.