तीन पिढ्यांचा पुरावा : वनहक्कासाठी पूर्वजांचा शोध

पूर्वजांचा शोध हा सर्वसाधारणपणे हौसेचा विषय मानला जातो. चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत मात्र आजोबा-पणजोबांच्या एखाद्या नोंदीवर कसत्या जमिनीचा हक्क अवलंबून असू शकतो. वनहक्क कायदा, २००६ नुसार आदिवासी दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखविणे आवश्यक आहे. ढिवर, कुणबी, बौद्ध अशा बिगरआदिवासी कुटुंबांना त्याशिवाय त्या दिनांकापूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजेच पंचाहत्तर वर्षांचे, वनाश्रित वास्तव्य सिद्ध करावे लागते. म्हणजे शोध १९३० पर्यंत मागे न्यावा लागतो. ही अट वास्तव्याची आहे. तोच तुकडा पंचाहत्तर वर्षे कसला असला पाहिजे, असा तिचा अर्थ नाही.

शोधाची पहिली अडचण नावांची आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या कागदांवर चंद्रपूर आणि आणखी मागे गेल्यास चांदा हे नाव आढळते. १९५६ पर्यंत हा प्रदेश मध्य प्रदेशात व स्वातंत्र्यापूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. हा क्रम ध्यानात ठेवूनच अर्ज करावा.

जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी कोतवाल बुक, जमिनीसाठी बंदोबस्ताची मिसल व १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, तर गावाच्या सरपण, चराई, वाटा आदी वहिवाटींसाठी निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज पाहावे. जुन्या शाळेची दाखल-खारीज नोंदवहीही उपयोगी पडते. तहसील व भूमी अभिलेख कार्यालयांत यांच्या प्रमाणित प्रती मागता येतात. जुन्या नोंदींत अनेकदा आडनाव नसते. त्यामुळे व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव, जात व गाव यांची सांगड घालावी लागते.

सापडलेली नोंद आजच्या दावेदाराशी जोडते ती वंशावळ. पणजोबांचे नाव जुन्या मिसलीत असेल, तर तेथून आपल्यापर्यंतची प्रत्येक पिढी वंशावळीत दाखवावी. जुन्या भूमी अभिलेखातील व्यक्तीपर्यंत पोहोचणारी अशी वंशावळ नियम १३ मध्ये स्वतंत्र पुरावा म्हणून मान्य आहे.

कागदच नसेल तर? ज्यांच्या पूर्वजांकडे जमीन नव्हती, त्यांचे नाव महसुली दप्तरात सहसा येतच नाही. नियमकर्त्यांनी ही वस्तुस्थिती जाणली आहे. विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या पारंपरिक खुणा, तसेच स्वतः दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन हेही पुरावेच ठरतात. दाव्यासोबत किमान दोन पुरावे हवेत; मात्र विशिष्ट कागदाचाच आग्रह उपविभागीय व जिल्हास्तरीय समितीला धरता येत नाही, असे २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट केले आहे. ग्रामसभेचा निर्णय अमान्य असल्यास साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते.

कागद दप्तरात पुढेही शोधता येतील; १९३० च्या सुमाराचे गाव ज्यांनी पाहिले वा आईवडिलांकडून ऐकले, ती माणसे मात्र झपाट्याने कमी होत आहेत. म्हणून वनहक्क समित्यांनी वडीलधाऱ्यांची निवेदने सर्वप्रथम नोंदवून घ्यावीत, हेच श्रेयस्कर.