जिभेच्या जुनाट दाहावर प्रकाशकिरणांचा उपचार

जिभेवर ना फोड, ना व्रण, ना लाली. तरीही पोळल्यासारखी आग दिवसभर होत राहते. वैद्यकशास्त्रात हा विकार ‘बर्निंग माउथ सिंड्रोम’ या नावाने ओळखला जातो. रोज दोन तासांहून अधिक वेळ, असा त्रास तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ होत राहिला आणि तपासणीत त्याचे कारण आढळले नाही, तर हे निदान केले जाते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आहे. अनेकींना सकाळी त्रास कमी असतो, दिवस चढेल तसा तो वाढतो. जेवताना मात्र काहीसा आराम पडतो. डोळ्यांना काहीच दिसत नसल्याने ‘हे मनाचे खेळ आहेत’ असेही त्यांना ऐकून घ्यावे लागते. वस्तुतः काही रुग्णांच्या जिभेच्या वरच्या थरातील सूक्ष्म मज्जातंतू विरळ झाल्याचे संशोधकांना आढळले आहे.

या वेदनेवर खात्रीचे औषध नाही. त्यामुळेच कमी शक्तीच्या लेसर किरणांच्या उपचाराकडे लक्ष वेधले गेले आहे. त्याचा उगम योगायोगाचा आहे. हंगेरीचे डॉक्टर एन्द्रे मेस्टर हे 1967 मध्ये बुडापेस्ट येथे लेसरमुळे कर्करोग होतो का, हे उंदरांवर तपासून पाहत होते. कर्करोग तर झाला नाहीच, उलट ज्या उंदरांना किरण दिले त्यांचे कापलेले केस लवकर उगवले.

शस्त्रक्रियेतील लेसर ऊती कापतो वा जाळतो. हा लेसर तसे काही करीत नाही. लाल किंवा त्यापलीकडचे अवरक्त किरण पेशींतील ऊर्जानिर्मितीच्या केंद्रांमध्ये शोषले जातात, पेशींची ऊर्जा वाढते आणि दाह कमी होतो, असे मानले जाते. मज्जातंतूंचे वेदनासंदेशही त्यामुळे मंदावत असावेत. उपचाराच्या वेळी रुग्ण व डॉक्टर दोघेही संरक्षक चष्मा लावतात. जिभेवरील ठरावीक जागी थोडा वेळ किरण सोडले जातात. सहसा वेदना होत नाही. मात्र काही आठवडे पुन:पुन्हा जावे लागते.

गुण किती येतो, हा खरा प्रश्न आहे. अनेक छोट्या चाचण्यांमध्ये वेदना कमी झाल्याचे नोंदले गेले. परंतु लेसर बंद ठेवून केवळ उपचाराचा आभास निर्माण केलेल्या रुग्णांनाही बऱ्याचदा बरे वाटले. किरणांची मात्रा आणि बैठकांची संख्या प्रत्येक चाचणीत वेगळी असल्याने त्यांची तुलनाही अवघड जाते. या विकारावरील सर्व प्रकारच्या उपचारांच्या 23 चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने 2016 मध्ये आढावा घेतला, तेव्हा उपलब्ध पुरावा अत्यंत कमकुवत असल्याचा निष्कर्ष निघाला होता. कर्करोगावरील उपचारांमुळे तोंड येऊ नये म्हणून मात्र काही रुग्णांसाठी अशाच किरणांची शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी केलेली आहे. तेथील पुरावा बराच भक्कम आहे.

भारतात आणखी एक सावधगिरी आवश्यक ठरते. ‘ब 12’ जीवनसत्त्व वा लोह यांची कमतरता, मधुमेह, बुरशीचा संसर्ग, नीट न बसणारी कवळी किंवा रक्तदाबाची काही औषधे यांमुळेही जिभेची आग होते. अशा वेळी मूळ कारण दूर करणे हाच उपाय असतो. सुपारी व गुटखा खाणाऱ्यास तिखट सोसेनासे झाले आणि तोंड पूर्ण उघडेनासे झाले, तर तो निराळाच, पुढे कर्करोगाकडे वळू शकणारा आजार असण्याची शक्यता असते. तेथे लेसरच्या बैठकींत वेळ दवडण्यापूर्वी दंतवैद्यकीय महाविद्यालयात किंवा मुखरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.