तुपाखालच्या पागोळ्या

या रे पोरांनो, जरा जवळ सरकून बसा. आज एका उपाशी पिसवेची आणि एका तरुण इमामाची गोष्ट.

१८९६ सालचा सप्टेंबर. मुंबईत मांडवीच्या वखारींमध्ये उंदीर पटापट मरू लागले, आणि पाठोपाठ माणसं. काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची, अंग तापानं फणफणायचं, आणि काही दिवसांतच माणूस जायचा. हा प्लेग आहे, हे पहिल्यांदा ओळखलं डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी. ते मूळचे आपल्या गोव्याचे.

आता उंदराचा आणि माणसाचा संबंध काय? पिसू! ती आजारी उंदराचं रक्त पिते. प्लेगचे जंतू तिच्या जठराच्या तोंडाशी वाढतात, त्यांचा गठ्ठा होतो आणि वाटच बुजते. रक्त आत उतरत नाही, भूक भागत नाही. मग ती वेड्यासारखी पुन्हा पुन्हा चावते, आणि दर वेळी घशातलं रक्त जंतूंसकट उलटून जखमेत पडतं. उंदीर मरून गार पडला की ती टुणकन उडी मारते आणि दुसरं ऊबदार अंग शोधते. ते अंग माणसाचंही असतं. हे सगळं त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक मुंबई सोडून पळत होते. पुण्यात आजाऱ्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला याच प्लेगनं गेल्या.

त्याच दिवसांत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन लस तयार करत होते. ओडेसाचा हा ज्यू शास्त्रज्ञ मांसाच्या पातळ अर्कानं चंबू भरायचा, त्यात प्लेगचे जंतू सोडायचा आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचा. जंतू त्या थेंबांना खालून चिकटत आणि वळचणीला पागोळ्या लोंबाव्यात तसे खाली लोंबत. चंबू हलवला की सगळं तळाशी बसायचं आणि वर नवं पीक धरायचं. मग उष्णता देऊन ते जंतू मारायचे. मेलेले जंतू टोचले तरी शरीर त्यांना ओळखून ठेवतं आणि पुढे जिवंत आले की लढायला तयार असतं. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी ही लस आधी स्वतःलाच टोचून घेतली.

लस झाली, पण घेणार कोण? सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत होते, पुण्यात प्लेगचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी रँड याच्या कारभारानं लोक खवळले होते. सरकारी सुई म्हणजे मरण, अशा अफवा. भीतीवर चंबूतलं औषध चालत नाही रे.

तेव्हा पुढे आले तिसरे आगाखान, सुलतान मुहम्मद शाह. कराचीत १८७७ साली जन्मलेले. आठ वर्षंही पूर्ण नव्हती तेव्हाच इस्माइली खोजा मुस्लिमांचे ४८वे इमाम, म्हणजे धर्मगुरू, झालेले, आणि आता जेमतेम विशीतले. त्यांनी लोकांदेखत लस टोचून घेतली आणि ही बातमी समाजात पसरेल अशी व्यवस्था केली. आपला खुश्रू लॉज हा बंगला हाफकिनना प्रयोगशाळेसाठी दिला. इमामांनी घेतली म्हटल्यावर हजारो खोजे लस घ्यायला आले.

पुण्याचा आगाखान पॅलेस पाहिलाय ना? तो याच आगाखानांचा होता. पुढे १९०६ साली मुस्लिम शिष्टमंडळ घेऊन ते सिमल्याला व्हाइसरॉयकडे गेले, मुस्लिम लीगचे पहिले अध्यक्ष झाले, लंडनच्या गोलमेज परिषदेत बसले, १९३७ साली जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या सभेचे अध्यक्षही झाले. त्यांच्या राजकारणाबद्दल मतं वेगवेगळी असतील. पण घाबरलेल्या माणसांचा विश्वास मिळवणं ही खरी मुत्सद्देगिरी, आणि ती त्यांना विशीतच साधली होती, असं मला मनापासून वाटतं.

आणि खुश्रू लॉजमधली ती हाफकिनांची प्रयोगशाळा? ती १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून तिचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट आहे.