छंद छायाचित्रणाचा : बॉडी कोणती, भिंग कोणते?

डॉक्टर मंडळी एकत्र जमली की रुग्णांच्या गोष्टी संपताच कॅमेऱ्याच्या गोष्टी सुरू होतात, असा अलीकडचा अनुभव आहे. “कोणता घ्यावा?” हा प्रश्न हमखास येतो. तो “बाळाला ताप आहे, कोणते औषध देऊ?” या फोनवरच्या प्रश्नासारखाच आहे. वय, वजन आणि तापाचे दिवस विचारल्यावाचून आपण औषध सांगत नाही. तसेच कशाचे छायाचित्र घ्यायचे, कोणत्या उजेडात घ्यायचे आणि ते पुढे कोठे छापायचे, हे ठरल्यावाचून कॅमेरा सुचविणे व्यर्थ होय. प्रस्तुत लेख आपल्या बीदर-कलबुर्गी परिसरात फिरणाऱ्या हौशी छायाचित्रकारासाठी आहे. धंदेवाईकांनी तो सोडून दिला तरी चालेल.

प्रथम बॉडीविषयी. दुकानदार मेगापिक्सेलचा आकडा पुढे करतो. कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, त्यात १०० गुणिले १०० म्हणजे अवघे दहा हजार बिंदू होते. २००४ मधील निकॉन डी-७० ने साठ लाखांचा टप्पा गाठला आणि आज दोन कोटी चाळीस लाख ही साधारण गोष्ट झाली. परंतु ए-४ आकाराचे पूर्ण पान इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने उत्तम छापण्यास सुमारे ८७ लाख बिंदू पुरतात. म्हणजे या स्मरणिकेच्या मुखपृष्ठापुरते बोलायचे तर मेगापिक्सेलची शर्यत पंधरा वर्षांपूर्वीच संपली आहे. आकड्यापेक्षा संवेदकाचा आकार अधिक महत्त्वाचा. ‘फुल फ्रेम’ म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटर. हौशी बॉडीत बहुधा असणारा ‘एपीएस-सी’ संवेदक क्षेत्रफळाने त्याच्या निम्म्याहूनही लहान. मोठा संवेदक अंधारात उजवा ठरतो, पण त्याची भिंगेही मोठी, जड आणि महाग. गळ्यात तीन किलो अडकवून बीदरचा किल्ला चढून पाहावा. मानेच्या मणक्यांचे मत लगेच कळते.

एपीएस-सी बॉडीवर भिंगाचा दृष्टिकोन आकुंचित होतो. निकॉनमध्ये हा गुणक १.५ आणि कॅननमध्ये १.६. म्हणून ५० मिलिमीटरचे भिंग तेथे ७५ किंवा ८० सारखे वागते, आणि ३०० चे भिंग ४५० किंवा ४८० सारखे. माळरानावरील काळविटांच्या मागे लागणाऱ्यास हा लाभच आहे. जुन्या मशिदीच्या आत उभे राहणाऱ्यास तो तोटा ठरतो.

बॉडी घेताना आपण खरे तर एका घराण्यात सोयरीक करीत असतो, कारण भिंग बसविण्याचा साचा, ज्याला ‘माउंट’ म्हणतात, तो प्रत्येक कंपनीचा निराळा. कॅननने १९८७ मध्ये जुना साचा टाकून नवा आणला, तेव्हा जुनी भिंगे बाळगणाऱ्यांची पंचाईत झाली. निकॉनने १९५९ चा साचा जपला, पण २००६ च्या डी-४० पासून प्राथमिक बॉड्यांतील फोकसची मोटार काढून टाकली. जुनी भिंगे त्यावर बसतात, फोकस मात्र हाताने करावा लागतो. २०१८ मध्ये दोन्ही कंपन्या आरसाविरहित फुल फ्रेम कॅमेऱ्यांकडे वळल्या आणि पुन्हा नवे साचे आले. ‘बॉडी जाते, भिंग राहते’ हे छायाचित्रकारांचे आवडते वचन म्हणूनच अर्धेच खरे आहे. तरीही माझे मत असे की, ठरलेल्या रकमेतील मोठा वाटा भिंगावर घालावा आणि बॉडी चांगल्या स्थितीतील जुनी मिळाल्यास ती अवश्य घ्यावी.

बॉडीबरोबर जे १८ ते ५५ चे भिंग येते, ते दिवसाउजेडी वाईट नाही. त्याची मर्यादा कळण्यासाठी अष्टूरला जावे. सुलतान अहमदशहा वली यांचा मृत्यू १४३६ चा. त्यांच्या कबरीच्या घुमटाखाली सोनेरी, शेंदरी रंगांची वेलबुट्टी आणि अक्षरलेखन आहे. भोवती गर्द अंधार. फ्लॅश मारला तर सोने चकाकते आणि बाकी सारे सपाट होते. तेथील राखणदाराने मला दाराशी आरसा धरून उन्हाची तिरीप आत सोडून दाखविली होती. त्या हलत्या कवडशात नक्षीचा एकेक तुकडा उजळत जातो. अशा ठिकाणी एफ ५.६ वर शटर एक षष्ठांश सेकंद उघडे ठेवावे लागत असेल, तर एफ १.८ च्या भिंगावर तेच काम एक साठांश सेकंदात होते, कारण त्यातून जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. पहिल्यात हात हलतो, दुसऱ्यात चित्र स्थिर येते. तिपाई लावावी म्हटले तर पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत त्यासाठी पूर्वपरवानगी लागते. म्हणून ५० मिलिमीटर एफ १.८ हे साधे, हलके आणि बहुतेक कंपन्यांच्या यादीतील स्वस्तांपैकी एक भिंग मी प्रत्येकास आधी घ्यावयास सांगतो. झूम नाही, ही तक्रार दोन आठवड्यांत विरते. पाय हेच झूम होतात.

कलबुर्गीच्या किल्ल्यातील १३६७ च्या जामा मशिदीत मात्र हे भिंग कुचकामी. मोकळे अंगण नसलेली, संपूर्ण छताखालची ही मशीद. कमानीमागून कमानी दूर जात राहतात. तेथे एपीएस-सी बॉडीवर १० ते १२ मिलिमीटरचे विस्तीर्ण भिंग हवे. कॅमेरा वर तिरपा केला की खांब आत झुकतात, म्हणून तो सरळ धरावा, जमीन जास्त आली तरी चालेल, ती पुढे कापता येते. बरीदशाही बागेतील अली बरीदची कबर चारी बाजूंनी उघडी आहे. तिच्या कमानींच्या चौकटीतून आकाश टिपावयास बरोबर आलेले साधे भिंगही पुरे.

बिदरी कलेची छायाचित्रे घेणाऱ्यांसाठी एक सूचना. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक जगाला मध्यम करड्या रंगाचे मानून चालतो. काळ्या सुरईवर तो रोखला की काळा रंग राखाडी होतो आणि चांदीची तार पांढरी फटक पडते. एक ते दीड स्टॉप एक्स्पोजर उतरवावे, आणि खिडकीवर पांढरे धोतर टांगून उजेड मऊ करून घ्यावा. जवळून टिपण्यास मॅक्रो भिंग उत्तम, पण केवळ एवढ्यासाठी ते विकत घेऊ नये. मित्राकडून मागून आणावे.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे लहान मुलांकडे. ५० एफ १.८ चे भिंग, खिडकीचा तिरपा उजेड, शटर एक दोनशेपन्नासांश सेकंदाहून जलद, आणि आपण स्वतः जमिनीवर बसलेले, इतके जमले की घरच्या मुलाचे सुंदर चित्र येते. फ्लॅशने बाळाचे डोळे जातात का, असे आजीमंडळी विचारतात. साध्या फ्लॅशने निरोगी बाळाच्या डोळ्याला इजा होत नाही. उलट याच फ्लॅशविषयी मला अधिक लिहावयाचे आहे.

फ्लॅशच्या चित्रात बाहुल्या लाल दिसतात तो डोळ्याच्या मागील पडद्याचा रक्तवर्ण होय. एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी वा पिवळसर चमक दिसली, तर मोतीबिंदू असू शकतो, किंवा रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोग असू शकतो. तो साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बालकास होतो, आणि तोही बहुधा पाच वर्षांच्या आत. वेळीच निदान झाले तर जीव वाचतो, बहुतेकदा डोळा आणि दृष्टीही वाचते; उशीर झाला तर डोळा काढावा लागतो. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलास हा आजार चौथ्या महिन्यात निघाला. पुढे त्यांनी घरातील हजारो छायाचित्रे तपासली, तेव्हा पांढरी चमक बाळ बारा दिवसांचे असतानाच्या चित्रातही सापडली. २०१३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. म्हणजे पुरावा आईबापांच्या अल्बममध्येच होता.

येथे कॅमेऱ्यांची श्रेष्ठता-कनिष्ठता उलटी होते. महाग कॅमेऱ्यावर उंच बसविलेल्या फ्लॅशचा प्रकाश भिंगाच्या अक्षापासून दूर राहतो, म्हणून बाहुली काळीच येते. भिंगाला खेटून फ्लॅश असलेला जुना खिशातला कॅमेरा किंवा मोबाईल ही चमक अधिक चांगली टिपतो. त्यातील ‘रेड आय रिडक्शन’ ही सोय अशा वेळी बंद ठेवावी, कारण ती बाहुलीचा खरा रंग पुसून टाकते. खोली मंद उजेडाची असावी आणि बाळाने सरळ भिंगाकडे पाहावे. मूल नाकाच्या दिशेने सुमारे पंधरा अंशांनी पाहत असेल, तर निरोगी डोळ्यातही दृष्टिचेतेच्या मुखावरून पांढरी चमक परत येते. म्हणून एका चित्रावर घाबरू नये. पण एकाहून अधिक चित्रांत एकच डोळा पांढरा येत असेल, किंवा सोबत तिरळेपणा असेल, तर पुढच्या लसीच्या तारखेपर्यंत थांबू नये. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली विस्फारून तपासणी व्हावी. आपल्याकडून हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थान एका दिवसात गाठता येते आणि तेथे या आजारावर उपचार होतात. मात्र चित्रात चमक नाही म्हणून आजार नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

कावीळ हा विषय याच्या अगदी विरुद्ध. नवजात बाळाचा फोटो मोबाईलवर पाठवून “पिवळे वाटते का?” असे विचारले जाते. कॅमेऱ्याचे ‘व्हाईट बॅलन्स’ प्रकाशाप्रमाणे स्वतःहून रंग बदलते. ट्यूबलाईटखाली गोरे बाळ हिरवट आणि पिवळ्या दिव्याखाली निरोगी बाळ काविळीचे दिसते. पिवळ्या झबल्यामुळे खरी कावीळ झाकलीही जाते. दहा हजारांच्या फोनने किंवा दोन लाखांच्या बॉडीने यात फरक पडत नाही. बाळाला दिवसाउजेडी प्रत्यक्ष दाखवावे, आणि शंका असल्यास रक्तातील बिलिरुबिन मोजावे. आणि रुग्णाचे छायाचित्र पालकांच्या लेखी संमतीवाचून घेऊ नये, घेतलेले डॉक्टरांच्या गटावर पाठविताना चेहरा व नाव जाऊ नये, हे आपल्या तरुण सहकाऱ्यांस सांगावेसे वाटते.

जतनाविषयी थोडेसे. पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशीचे जाळे धरते आणि ते पुसून निघत नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पिशव्या आणि स्वस्त आर्द्रतामापक इतके पुरे. चामड्याच्या पेटीत भिंग कोंडून ठेवणे सर्वांत वाईट. बीदरच्या लाल मातीचा धुरळा उडत असताना भिंग बदलू नये.

गुलाम याझदानी यांचा बीदरच्या स्मारकांवरील ग्रंथ १९४७ मध्ये निघाला. त्यातील छायाचित्रे आजही अभ्यासास उपयोगी पडतात. महमूद गवानच्या १४७२ च्या मदरशाची दर्शनी बाजू १६९६ च्या स्फोटात बरीचशी ढासळली, एक मनोरा उरला, आणि त्याच्या रंगीत फरशा झडतच आहेत. त्या मनोऱ्याचे चित्र दरवर्षी एकाच जागेवरून, एकाच भिंगाने, एकाच महिन्यात घ्यावे, मूळ ‘रॉ’ फाईल दोन ठिकाणी ठेवावी आणि तारीख लिहावी. त्यासाठी कॅमेऱ्याचे मॉडेल कोणते, हे कोणी विचारणार नाही. हिवाळ्यात सकाळी उन्हे तिरपी असताना निळ्या फरशांचा रंग सर्वांत खरा येतो.